एमजीबीची स्टार्टर मोटर

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचे इंजिन बॅटरीच्या विजेवर प्रथम फिरवून देणाऱ्या विद्युत् मोटरीस एमजीबीची स्टार्टर मोटर म्हणतात. पेट्रोलचे इंजिन स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकत नाही. दट्ट्याने हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढून दाबल्याखेरीज ठिणगीला पेटवण्याजोगे काही मिळत नाही, आणि हे पहिले काही फेरे बाहेरच्या शक्तीनेच द्यावे लागतात. हे काम करणारी मोटर निकामी झाली की उत्तम स्थितीतील गाडीही जागची हलत नाही. एमजीबीमध्ये ही मोटर बदलण्याचे काम घरच्या हत्यारांनी होण्यासारखे आहे. तथापि त्यात जीवावर बेतू शकणाऱ्या दोन-तीन जागा आहेत आणि त्यांची माहिती आधी असणे आवश्यक आहे.

एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार होत असे. तिचे चार सिलिंडरांचे १७९८ घनसेंमी क्षमतेचे इंजिन ‘बी-सिरीज’ या कुळातील आहे. पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्यामुळे आणि हौशी मालकांनी त्यांतील पुष्कळ जपल्यामुळे तिच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती आजही सर्वत्र उपलब्ध आहे. स्पोर्ट्‌स कारच्या स्टार्टरचा अभ्यास करण्यास ती म्हणूनच सोयीची ठरते.

नाव

भारतातील गॅरेजांमध्ये या मोटरीस सरसकट ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ लागत नाही’, ‘सेल्फ मारून पाहा’ हे प्रयोग मराठीत चांगलेच रुळले आहेत. हा शब्द ‘सेल्फ स्टार्टर’ या जुन्या नावाचा उरलेला पूर्वार्ध होय. अर्थाच्या दृष्टीने पाहता मागे राहिलेला शब्द चुकीचा आहे, कारण इंजिन स्वतः सुरू होत नाही म्हणूनच तर या मोटरीची गरज पडते. पण भाषा असे हिशेब ठेवत नाही.

पूर्वेतिहास

विद्युत् स्टार्टर येण्यापूर्वी गाडीच्या पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरून हँडलाचा तडाखा बसे व मनगट किंवा हात मोडे. अंगठा हँडलाभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवावा, ही ताकीद त्या काळातील प्रत्येक चालकाला दिली जाई. अमेरिकेतील मोटार-उत्पादक बायरन कार्टर यांचा १९०८ मध्ये झालेला मृत्यू अशाच तडाख्याच्या परिणामाने ओढवला आणि त्यामुळे व्यथित झालेल्या कॅडिलॅकच्या हेन्री लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचे मनावर घेतले, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला. केटरिंग यांचे मर्म असे की, स्टार्टर मोटर सतत चालत नसून काही सेकंदच चालते. म्हणून ती आकाराने लहान ठेवून तिच्यातून थोडा वेळ भरमसाट प्रवाह नेता येतो. आजचा स्टार्टरही याच विचारावर उभा आहे.

रचना व कार्य

इंजिनाच्या मागील टोकास फ्लायव्हील हे जड चाक असते आणि त्याच्या परिघावर दात्यांचे पोलादी कडे चढवलेले असते. त्याला रिंग गिअर म्हणतात. स्टार्टरच्या दांड्यावरील लहानसे दंतचक्र म्हणजे पिनियन. ते रिंग गिअरमध्ये अडकून फ्लायव्हील फिरवते. दात्यांच्या संख्येतील फरकामुळे मोटरीचा पीळ साधारणतः दहा ते पंधरा पटींनी वाढून इंजिनास मिळतो. एमजीबीची मूळ मोटर ब्रिटनच्या लुकास कंपनीची होती. तिच्यात आर्मेचर व क्षेत्र-वेटोळी या दोहोंतून बॅटरीचाच प्रवाह जातो. अशी मोटर थांबलेल्या अवस्थेत सर्वांत जास्त पीळ देते, कारण त्या क्षणी तिच्यात विरोधी विद्युत्दाब निर्माण झालेला नसतो आणि प्रवाह मोकाट वाहतो. पूर्णपणे अडकलेल्या स्थितीत हा प्रवाह चारशे अँपिअरच्या पुढे जातो. घरातील दिव्याच्या वायरीशी तुलना केली असता स्टार्टरची केबल बोटाएवढी जाड का असते, हे यावरून ध्यानात येईल.

एमजीबीमध्ये दोन प्रकारचे स्टार्टर आढळतात. १९६७ च्या शरद ऋतूपर्यंतच्या गाड्यांवर जडत्वाच्या तत्त्वावर चालणारा स्टार्टर असे. त्यात मोटर झटक्याने फिरू लागली की सैल बसवलेले पिनियन जडत्वामुळे मागे राहते, आटे असलेल्या दांड्यावरून सरकते आणि रिंग गिअरमध्ये घुसते. इंजिन सुरू होताच ते तसेच बाहेर फेकले जाते. विजेचा जाड प्रवाह जोडणारा सोलेनॉइड या गाड्यांत मोटरीपासून वेगळा, इंजिनाच्या कप्प्याच्या भिंतीवर असतो. त्यानंतरच्या ‘मार्क २’ गाड्यांवर पूर्वगुंतन प्रकारचा स्टार्टर आला. यात सोलेनॉइड मोटरीच्या पाठीवरच बसवलेला असून तो आधी तरफेने पिनियन दात्यांत सरकवतो आणि मगच मोटरीस मुख्य प्रवाह देतो. दाते एकमेकांवर आदळत नसल्याने झीज कमी होते. पिनियनसोबत एकाच दिशेने पकड घेणारा क्लच असतो. तो नसता तर सुरू झालेल्या इंजिनाने स्टार्टरला मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरवून त्याची वेटोळी उधळून टाकली असती.

हा भेद केवळ इतिहासापुरता नाही. दोन्ही प्रकारांत पिनियन विरुद्ध बाजूंनी दात्यांत शिरत असल्यामुळे रिंग गिअरच्या दात्यांना दिलेला उतारही विरुद्ध बाजूंना असतो. नवा स्टार्टर मागवताना गाडीवर मुळात कोणता होता, हे पाहिलेच पाहिजे.

बिघाडाची लक्षणे व निदान

किल्ली फिरवूनही इंजिन फिरत नाही म्हणजे स्टार्टर गेला, असे समजणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. काढून टाकलेल्या स्टार्टरांपैकी बरेच निर्दोष असतात; दोष बॅटरी, केबल किंवा अर्थच्या पट्टीत असतो. कान देऊन ऐकल्यास बरेचसे निदान आवाजावरूनच होते.

किल्ली फिरवताच सोलेनॉइड टक-टक-टक असा भराभर वाजू लागला तर बॅटरी उतरलेली असण्याचा संभव अधिक. सोलेनॉइड जोडतो, मोठा प्रवाह सुरू होताच विद्युत्दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब पुन्हा चढतो, आणि हेच चक्र चालू राहते. एकच ठसठशीत ‘टक’ ऐकू येऊन पुढे शांतता पसरली, तर सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क जळालेले असतात किंवा मोटरीतील कार्बन ब्रश झिजून अडकलेले असतात. मोटर गरगर फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन स्तब्ध राहते, तेव्हा पूर्वगुंतन प्रकारात क्लच घसरत असतो आणि जडत्व प्रकारात पिनियन मळामुळे दांड्यावर चिकटलेले असते. या दांड्यास तेल देण्याचा मोह अनेकांना होतो. तेलावर क्लचची धूळ बसून आठवड्याभरात तेच दुखणे अधिक जोमाने परतते. तो भाग स्वच्छ करून कोरडाच ठेवावा.

दाते खरवडल्यासारखा कर्कश आवाज आला तर रिंग गिअर तपासावा. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना दाबाच्या विरोधामुळे बहुधा दोनच ठिकाणी थांबते. ही ठिकाणे अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर असतात. म्हणून दात्यांची झीजही परिघावर समोरासमोरच्या दोन जागी दिसते. गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही, आणि थोडी ढकलल्यावर पुन्हा सुरू होते, या कोड्याचे उत्तर अनेकदा येथे सापडते.

काहीही काढण्यापूर्वी व्होल्टमीटरने मोजणी करावी. पूर्ण भारित, विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन फिरवत असताना तिच्या टोकांवरचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरीवर दाब भरपूर आहे पण स्टार्टरवर पोहोचत नाही, असे दिसल्यास दोष मधल्या मार्गात आहे. २०० अँपिअर प्रवाह वाहत असताना केवळ ०.०१ ओहमचा रोधही २ व्होल्ट खाऊन टाकतो. गंजलेला एक बोल्ट तेवढ्यास पुरेसा असतो. एमजीबीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. तिची बॅटरी पुढे इंजिनाजवळ नसून आसनांच्या मागे, फळीखाली असते आणि केबल तेथून गाडीच्या तळाने पुढे येते. बहुतेक गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असत. १९७४ च्या सुमारास त्यांच्या जागी बारा व्होल्टची एकच बॅटरी आली. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत जोडांची संख्या वाढते आणि दोहोंपैकी एकीचा एक कप्पा गेला तरी संपूर्ण गाडी अडते.

अर्थच्या पट्टीची गोष्ट तर मनोरंजक आहे. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्याने ते गाडीच्या सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने अलग असते आणि विणलेल्या तांब्याची एक पट्टी त्यांना जोडते. ही पट्टी तुटली किंवा दुरुस्तीनंतर लावायची राहिली, तर स्टार्टरचा प्रवाह परतीचा दुसरा मार्ग शोधतो. तो मार्ग पुष्कळदा चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक पोलादी तारेचा असतो. ती तार क्षणात तापते, तिचे आवरण वितळते, प्रसंगी धूर निघतो. चोकची मूठ हाताला गरम लागली, तर स्टार्टरकडे न जाता प्रथम ही पट्टी पाहावी.

इंजिनच आतून अडकलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे. सपाट जागी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हलकेच ढकलल्यास मोकळे इंजिन फिरते. जडत्व प्रकारचा स्टार्टर दात्यांत रुतून बसला असेल, तर तो याच रीतीने पुढे-मागे हलवल्यावर अनेकदा सुटतो.

काढण्याची व बसवण्याची पद्धत

सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्वगुंतन स्टार्टरच्या सोलेनॉइडवरील जाड बोल्टापर्यंत बॅटरीचा प्रवाह किल्ली बंद असतानाही अखंड येत असतो आणि या मार्गावर कोणताही फ्यूज नसतो. पाना एकाच वेळी या बोल्टाला व इंजिनाच्या धातूला लागला तर तो तेथेच वितळून चिकटू शकतो. हातात अंगठी किंवा कडे असल्यास बोट भाजून निघते. कार्ब्युरेटर व पेट्रोलच्या नळ्या त्याच कप्प्यात असल्याने ठिणगीचा धोका वेगळा. म्हणून बॅटरीची अर्थकडील केबल सर्वप्रथम सोडावी. येथे एक बारकावा आहे: मार्क २ च्या आधीच्या एमजीबीत धन टोक अर्थला जोडलेले असे, त्यानंतर ऋण टोक जोडले जाऊ लागले. ‘आधी ऋण केबल काढावी’ हा सरसकट सांगितला जाणारा नियम जुन्या गाडीला लागू पडत नाही.

दुसरा धोका गाडीच्या वजनाचा. एमजीबी जमिनीलगत धावणारी गाडी असल्याने तिच्याखाली शिरण्यासाठी ती उचलावीच लागते. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. कठीण, सपाट जमिनीवर, सांगाड्याच्या भक्कम भागाखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावून, मागील चाकांना अडसर घालून व गाडी हाताने हलवून पाहूनच खाली जावे. जोर लावून बोल्ट सोडवताना गाडीला जे हिसके बसतात त्यांनी जॅक कलंडतो. गॅरेजांतील अनेक मृत्यूंचे कारण एवढेच असते.

स्टार्टर इंजिनाच्या उजव्या बाजूस, मागे खालच्या अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या खाली असतो. कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट डाव्या बाजूला असल्यामुळे त्यांचा अडथळा होत नाही. मात्र उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा त्याच बाजूने जातो आणि हात घालण्याची जागा आणखी अरुंद होते. मोटर दोन बोल्टांनी धरलेली असते. खालचा बोल्ट गाडीखालून सहज दिसतो. वरचा बोल्ट दिसत नाही. तो बोटांनी चाचपूनच शोधावा लागतो, आणि या कामात जाणाऱ्या वेळेपैकी निम्मा वेळ त्याच्यावर खर्च होतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बोल्ट इंची मापाचे असून त्यांना नऊ-सोळांश इंचाचा पाना लागतो. मिलिमीटरचा जवळपासचा पाना लावल्यास डोके गोल होते, आणि न दिसणाऱ्या बोल्टाचे डोके गोल होणे हे मोठेच संकट असते. आदल्या रात्री गंजनाशक तेल सोडून ठेवणे हिताचे.

जागा करण्यासाठी बरेच कारागीर तेलाचा फिल्टर काढतात. काही जण डिस्ट्रिब्युटरही काढतात. डिस्ट्रिब्युटर काढायचा झाल्यास त्याची व आतील फिरत्या दांडीची दिशा रंगाने खुणावून ठेवावी आणि तो परत बसेपर्यंत इंजिन फिरवू नये. अन्यथा नवा स्टार्टर व्यवस्थित चालेल, पण ठिणगीची वेळ चुकल्याने गाडी सुरू होणार नाही आणि दोष पुन्हा स्टार्टरलाच दिला जाईल.

सोलेनॉइडवरील वायरी सोडण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे. लुकासच्या रंगपद्धतीनुसार तपकिरी वायरींत बॅटरीचा थेट प्रवाह असतो, तर पांढऱ्यावर लाल रेघ असलेली वायर स्टार्टरला हुकूम देणारी असते. वायरी सुटल्यावर आधी खालचा व मग वरचा बोल्ट काढावा. बोल्ट निघण्याच्या बेतात असताना मोटरीला एका हाताने किंवा ठोकळ्याचा आधार असावा. लुकासची मूळ मोटर चांगलीच जड असून ती छातीवर किंवा तोंडावर पडल्यास गंभीर इजा होते. मोटर पुढे ओढून, कलती करून बाहेर काढावी लागते. ती निघाल्यावर मोकळ्या झालेल्या भोकातून विजेरीच्या प्रकाशात रिंग गिअरचे सर्व दाते, इंजिन हाताने सावकाश फिरवत, पाहून घ्यावेत. डिस्ट्रिब्युटर काढलेला असल्यास ही पाहणी तो परत बसवल्यावरच करावी. ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

नवी मोटर बसवण्याआधी तिची चाचणी जमिनीवर घ्यावी. मोटर शिकंज्यात घट्ट धरूनच वीज द्यावी, कारण सुरू होताना ती जोराने उसळते. बसवताना मोटरीचा व इंजिनाचा एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ धातू उघडा करणे फार महत्त्वाचे आहे; मोटरीचा परतीचा प्रवाह याच पृष्ठभागातून जातो. दोन्ही बोल्ट प्रथम हाताने आट्यांत घालून मग आवळावेत. अर्थची केबल सर्वांत शेवटी जोडावी.

किल्ली फिरवण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. सोलेनॉइडची दोन टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून स्टार्टर फिरवण्याची युक्ती गॅरेजांत सर्रास वापरली जाते. गिअरमध्ये असलेल्या गाडीवर ती वापरल्यास गाडी पुढे झेप घेते आणि युक्ती करणारा माणूस बहुधा तिच्यासमोर किंवा तिच्याखाली असतो.

दुरुस्ती की नवी मोटर

लुकासची जुनी मोटर दुरुस्तीसाठीच घडवल्यासारखी आहे. कार्बन ब्रश, बुश व सोलेनॉइड स्वतंत्रपणे बदलता येतात. कम्युटेटर बारीक काचकागदाने घासावा, एमरीने नव्हे. सच्छिद्र काशाचे बुश बसवण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस इंजिन तेलात भिजत ठेवावेत, असे कार्यपुस्तिकेत सांगितलेले असते. पावतीवर लिहिण्याजोगे न वाटणारे हे काम बुशचे आयुष्य ठरवते.

अलीकडे गिअर असलेल्या आधुनिक मोटरी अधिक लोकप्रिय आहेत. त्यांत लहान मोटर अतिशय वेगाने फिरते आणि अंतर्गत दंतचक्रे तिचा वेग कमी करून पीळ वाढवतात. त्या हलक्या असतात, प्रवाह कमी घेतात आणि अरुंद जागेत सहज शिरतात. मात्र त्यांतील अनेकींत क्षेत्र-वेटोळ्यांऐवजी स्थायी चुंबक असतात, आणि त्यामुळे एक अडचण उद्भवते. जुन्या मोटरीत धन-ऋण टोकांची अदलाबदल केली तर आर्मेचर व क्षेत्र या दोहोंतील प्रवाह उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. चुंबकाची दिशा मात्र उलटत नाही. धन टोक अर्थला असलेल्या जुन्या एमजीबीवर अशी मोटर बसवल्यास ती उलटी फिरते. दोन्ही पद्धतींना चालणारी मोटर घ्यावी किंवा गाडीची अर्थपद्धत बदलून घ्यावी, असे दोनच पर्याय उरतात. संग्राहक मूळ लुकास मोटरीचा आग्रह धरतात. रोज वापरावयाच्या गाडीसाठी आधुनिक मोटर अधिक भरवशाची आहे.

इतर स्पोर्ट्‌स कारमधील स्थान

स्टार्टर बदलणे किती अवघड, हे मोटरीपेक्षा तिच्या जागेवर अवलंबून असते. १९७३ ते १९७६ या काळातील एमजीबी जीटी व्ही-८ मध्ये रोव्हरचे साडेतीन लिटरचे इंजिन असून स्टार्टर एक्झॉस्टच्या निकट येतो. तांब्याचा रोध तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे लांब प्रवासानंतर बंद केलेली गाडी दहा मिनिटांनी सुरू होत नाही आणि तासाभराने निमूटपणे सुरू होते. अशा ठिकाणी उष्णतारोधक पत्रा लावणे हा मोटर बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय होय. शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर-१ च्या १९९० ते १९९५ मधील इंजिनात तर स्टार्टर दोन सिलिंडर-रांगांमधील खोबणीत, हवेच्या नलिकासमूहाखाली बसवलेला आहे. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागतो. एमजीबीच्या मालकाने आपल्या वरच्या बोल्टाबद्दल फार तक्रार करू नये.

शर्यतींमधील महत्त्व

फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत १९६९ पर्यंत चालक रस्त्यापलीकडून धावत येऊन गाडीत बसत व स्वतः इंजिन सुरू करून निघत. त्या वर्षी जॅकी इक्स या चालकाने या घाईच्या पद्धतीचा निषेध म्हणून चालत जाऊन गाडी गाठली, आणि तरीही ती शर्यत त्याने सहचालकासह जिंकली. अशा प्रारंभात पहिल्या झटक्यात काम करणारा स्टार्टर किती मोलाचा, हे उघड आहे. एमजीबीने या शर्यतीत १९६३, १९६४ व १९६५ अशी लागोपाठ तीन वर्षे भाग घेतला आणि अनुक्रमे बारावे, एकोणिसावे व अकरावे स्थान मिळवले.

भारताशी संबंध

एमजीबीचे इंजिन ज्या बी-सिरीज कुळातील आहे, त्याच कुळातील १४८९ घनसेंमी क्षमतेचे पेट्रोल इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसेडर गाडीत दीर्घकाळ वापरले गेले. स्टार्टर व इतर विद्युत् सामग्री भारतातच तयार व्हावी म्हणून लुकास कंपनी व टीव्हीएस समूह यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तेव्हाच्या मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन केली. ॲम्बेसेडर व फियाट या गाड्यांना हँडलाची सोय असल्याने महाराष्ट्रातील रस्त्यांवर सकाळी ‘सेल्फ’ रुसला की डिकीतून हँडल बाहेर येई. हँडलही जमले नाही तर दुसरा गिअर टाकून शेजाऱ्यांकडून धक्का मारून घेतला जाई. एमजीबीदेखील हातगिअरची गाडी असल्यामुळे स्टार्टर निकामी झाला असता ती याच पद्धतीने सुरू करून गॅरेजपर्यंत नेता येते.